बोट ठोक्यावर पडावे म्हणून: तालबद्ध प्लॅटफॉर्म गेमची लेव्हल कशी रचतात

जॉमेट्री डॅश या गेममध्ये खेळणाऱ्याच्या हाती एकच क्रिया असते, ती म्हणजे दाबणे. चौकोनी पात्र आपले आपण उजवीकडे धावत राहते, त्याला थांबवता येत नाही की मागे नेता येत नाही, आणि ते एखाद्या काट्यावर किंवा ठोकळ्याच्या कडेवर आपटले की लेव्हल पुन्हा पहिल्यापासून खेळावी लागते. रॉबर्ट टोपाला या स्वीडिश गेमनिर्मात्याने हा गेम २०१३ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केला. त्यातला एडिटर वापरून कोणालाही स्वतःची लेव्हल रचता येते, आणि आज या गेमचे बहुतेक आयुष्य खेळणाऱ्यांनीच रचलेल्या लेव्हलींवर चालते. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत डावी-उजवीकडे मोकळेपणाने फिरता येणाऱ्या लेव्हलीही आल्या. पण तिथे वेग खेळणाऱ्याच्या हाती जातो आणि संगीताशी असलेले घट्ट नाते सुटते, म्हणून इथे मी फक्त आपोआप धावणाऱ्या, जुन्या धर्तीच्या लेव्हलींविषयी लिहीत आहे.

अशा लेव्हलमध्ये संगीत नेमके काय करते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण रचनेचे बाकी सगळे नियम त्यातूनच निघतात. डोळ्यांनी एखादी गोष्ट पाहून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सर्वांत जलद गतीच्या पट्ट्यात पात्र तेवढ्या वेळात जवळजवळ पाच ठोकळे पुढे गेलेले असते. याचा अर्थ असा की नुसते बघून खेळणाऱ्याचे बोट कायम मागे राहणार. ऐकून खेळणाऱ्याचे मात्र तसे होत नाही. गाण्याचा ठेका कानात बसला की पुढचा ठोका कधी पडणार हे आपल्याला तो पडण्याआधीच ठाऊक असते, आणि बोट त्या क्षणाची वाट पाहत तयार राहते. लय ही आगाऊ सूचना आहे. ज्या लेव्हलमध्ये दाबण्याचे क्षण संगीताशी जुळलेले असतात, ती लेव्हल काट्यांची संख्या तितकीच ठेवूनही सोपी जाते आणि जास्त आनंद देते. आणि जिथे ते जुळत नाहीत, तिथे गाणे सतत खोटी सूचना देत राहते.

आता हे जुळवायचे कसे? पात्राची गती ठरलेली असल्यामुळे या गेममध्ये अंतर म्हणजेच वेळ. एडिटरमधील जाळीचा एक चौकोन म्हणजे एक ठोकळा धरला, तर नेहमीच्या गतीला पात्र सेकंदाला सुमारे १०.३९ ठोकळे धावते. गती बदलणारी पोर्टले वापरली तर हा आकडा सर्वांत संथ गतीला ८.३७, त्यानंतरच्या जलद गतींना अनुक्रमे १२.९१ आणि १५.६, आणि सर्वांत जलद गतीला १९.२ होतो. खेळणारे या जलद गतींना दुप्पट, तिप्पट, चौपट अशी नावे देतात, पण आकडे पाहिले तर चौपट म्हणवली जाणारी गती प्रत्यक्षात नेहमीच्या गतीच्या दुपटीपेक्षाही कमीच आहे. नावावर विसंबून हिशेब केला की तो चुकतोच.

गाण्याची लय बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती ठोके पडतात यात मोजतात. १२८ बीपीएमचे गाणे घेऊ. नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात ही लय फार आढळते. साठाला १२८ ने भागले की दोन ठोक्यांमधला वेळ ०.४६९ सेकंद येतो, आणि नेहमीच्या गतीला तेवढ्या वेळात पात्र ४.८७ ठोकळे जाते. नवख्या माणसाच्या मनात इथे येणारा विचार अगदी स्वाभाविक असतो: हे पाचच झाले, दर पाच ठोकळ्यांवर एक काटा ठेवू. मी माझी पहिली लेव्हल अशीच रचली होती. सुरुवातीचे चार-पाच ठोके छान जुळले, मग काहीतरी अडखळल्यासारखे वाटू लागले, आणि पंधरा सेकंदांनी उड्या एका बाजूला व गाणे दुसऱ्या बाजूला अशी अवस्था झाली. दोष कुठे आहे हे मला बराच काळ कळेना, कारण जाळीवर सगळे काही नेटके आणि समान अंतरावर दिसत होते. हिशेब मांडल्यावर तो दिसला. प्रत्येक ठोक्यामागे ०.१३ ठोकळ्यांची चूक साठत होती. पंधरा सेकंदांत या लयीचे बत्तीस ठोके होतात, तोवर चूक सव्वाचार ठोकळ्यांवर, म्हणजे वेळेच्या हिशेबात जवळजवळ एका पूर्ण ठोक्यावर गेली होती. कानाला एका ठोक्यातली ही चूक जाणवत नाही. साठलेली चूक मात्र साऱ्या लेव्हलचा तोल घालवते.

यातून एक उपयुक्त गोष्टही हाती लागते. तेच १२८ बीपीएमचे गाणे सर्वांत जलद गतीला लावले तर एका ठोक्याला बरोबर नऊ ठोकळे येतात, आणि एका पायरीने जलद गतीला सहापेक्षा किंचित जास्त येतात. म्हणजे गाण्याची लय आणि गती यांची जोडी पाहून निवडली, तर जाळी आपल्या बाजूने उभी राहते. ज्या भागात खूप बारीक रचना करायची आहे, त्या भागासाठी अशी जुळणारी गती ठेवावी, असे मी सुचवीन. पण केवळ जाळीच्या सोयीसाठी गाण्याच्या शांत भागात जलद गती लावणे चूकच. तिथे हाताने एकेक वस्तू सरकवण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत.

हिशेब नको असेल तर एडिटरमध्ये गाइडलाइन आखण्याची सोय आहे. गाणे चालू करायचे आणि ठोक्यावर बोटाने टिचक्या मारत जायचे. प्रत्येक टिचकीच्या जागी पडद्यावर एक उभी रेषा उमटते. सोय उत्तम आहे, पण या रेषा आपल्या हाताइतक्याच अचूक असतात. हात थकला की टिचकी उशिरा पडते, आणि उत्साहात ती आधी पडते. त्यातून ब्लूटूथ हेडफोन लावून कोणी टिचक्या मारत असेल तर आवाज कानापर्यंत पोहोचायलाच शंभर-दोनशे मिलिसेकंद उशीर होऊ शकतो, आणि सगळ्याच रेषा तेवढ्या उजवीकडे सरकतात. त्यामुळे रेषा आखताना तारेचा हेडफोन वापरावा, तोच भाग दोन-तीनदा आखून पाहावा, आणि बीपीएम ठाऊक असेल तर हिशेबाने आलेल्या जागांशी या रेषा पडताळून घ्याव्यात. गाण्याच्या फाइलीत सुरुवातीला थोडी शांतता असते, हेही विसरू नये; पहिला ठोका शून्यावर पडतोच असे नाही. गाणे कितव्या सेकंदापासून वाजावे हे एडिटरमध्ये ठरवता येते, आणि ते एकदा ठरवले की पुन्हा बदलू नये. अर्धी लेव्हल झाल्यावर ते बदलणे म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया सरकवण्यासारखे आहे.

रेषा आखून झाल्या की सर्वांत जास्त चुका जिथे होतात ती पायरी येते, म्हणून इथे जरा थांबतो. बहुतेक नवे रचनाकार रेषेवर काटा ठेवतात. ठोका इथे आहे, तर अडथळाही इथेच असला पाहिजे, असे त्यांना वाटते. पण काटा जिथे आहे तिथे खेळणारा दाबत नाही. तो त्याच्या आधी दाबतो आणि काट्याच्या वेळी हवेत असतो. काटा ठोक्यावर ठेवला की दाबणे ठोक्याच्या आधी पडते, आणि संपूर्ण भाग घाईघाईने वाजवल्यासारखा लागतो. ठोक्यावर काटा असण्याला काही अर्थ नाही, तिथे बोट पडले पाहिजे. नेहमीच्या गतीला चौकोनी पात्राची एक उडी साधारण चार ठोकळ्यांची असते, म्हणून रेषेवर उडी सुरू होईल असे धरून काटा तिच्या पुढे सुमारे दोन ठोकळ्यांवर, उडीच्या सर्वांत उंच बिंदूखाली ठेवावा.

यात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. एका काट्यावरून उडी मारायला जो कालावधी चालतो, त्याला आपण खिडकी म्हणू. खिडकीच्या सुरुवातीला दाबले तरी माणूस वाचतो, शेवटी दाबले तरी वाचतो. ठोक्याची रेषा या खिडकीच्या बरोबर मध्यावर आली, तर किंचित लवकर आणि किंचित उशिरा दाबणाऱ्या दोघांनाही सारखीच सवलत मिळते. रेषा खिडकीच्या टोकाला गेली, तर जो तालात दाबतो तोच मरतो आणि जो बेताल दाबतो तो वाचतो. तालाची शिक्षा मिळाली की खेळणाऱ्याचा गाण्यावरचा विश्वास उडतो, आणि तो एकदा उडाला की पुढच्या अचूक रचनेलाही तो कान देत नाही.

उडी संपून पात्र खाली टेकते तो क्षणही शरीराला जाणवतो, म्हणून तोही तालात असावा. सपाट जमिनीवर टेकण्याची वेळ आपल्या हाती नसते, पण टेकण्याच्या जागी एक पायरी उंच ठोकळा ठेवला की पात्र लवकर टेकते, आणि जमीन खाली नेली की उशिरा टेकते. चांगल्या लेव्हलींमधल्या पायऱ्या पुष्कळदा शोभेसाठी नसून याच कारणासाठी असतात.

हवेत तरंगणाऱ्या कड्या, ज्यांना खेळणारे ऑर्ब म्हणतात, आणि जमिनीवरचे पॅड यांचा स्वभाव वेगळा आहे. पॅडला स्पर्श झाला की पात्र आपोआप उसळते, तिथे खेळणाऱ्याची चूक होऊच शकत नाही, म्हणून पॅड नेमका रेषेवर ठेवावा आणि गाण्यातला एखादा मोठा आघात त्याच्याकडे सोपवावा. ऑर्बला स्पर्श असताना दाबावे लागते. पिवळ्या ऑर्बने नेहमीची उडी मिळते, गुलाबीने लहान, लालने मोठी, आणि निळ्याने गुरुत्वाकर्षणाची दिशा उलटते. गाण्याचे सूर वर-खाली जात असतील तर हे रंग त्या सुरांप्रमाणे बदलत नेता येतात, आणि तेव्हा खेळणाऱ्याला आपणच ती सुरावट वाजवत आहोत असे वाटते. एक सावधगिरी मात्र हवी. हवेत असताना आधीच दाबून धरलेले बोटही ऑर्बला लागू पडते, त्यामुळे ऑर्ब दाटीवाटीने लावले तर खेळणारा ताल सोडून नुसते दाबून धरतो आणि तरीही पुढे जातो.

गाण्यातला कोणता आवाज पकडायचा, हा खरे तर चवीचा प्रश्न आहे, पण त्यालाही काही शिस्त आहे. एका वेळी गाण्यात खालचा जड ठोका, वरचा कोरडा ठोका, सुरावट, मागे भरून राहिलेला सलग स्वर असे पुष्कळ काही चालू असते. यातले प्रत्येक पकडू गेले की बोटाला उसंत मिळत नाही आणि कोणता आवाज आपण वाजवत आहोत हे खेळणाऱ्याला कळत नाही. किमान चार-आठ मापे, म्हणजे ठोक्यांचे बहुधा चार-चारचे गट, एकाच आवाजामागे जावे, आणि बदल करायचा तो गाणे स्वतः बदलते त्या जागी, शक्यतो समेवर करावा. पात्राची रूपे इथे कामी येतात: लेव्हलमध्ये ठरवलेल्या जागी पात्राचे रूप बदलता येते, आणि प्रत्येक रूपात दाबण्याचा परिणाम वेगळा होतो. चौकोन आणि चेंडू यांचे दाबणे तुटक असते, म्हणून ते ठोक्यांना शोभतात. चेंडू प्रत्येक दाबण्याला छतावरून जमिनीवर किंवा जमिनीवरून छतावर जातो, पण त्याला तिथे पोहोचायला वेळ लागतो. कोळी मात्र त्याच क्षणी समोरच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतो, आणि म्हणूनच कोरड्या, टोकदार ठोक्याला त्याच्यासारखे दुसरे रूप नाही. जहाज दाबून धरले की वर चढते आणि सोडले की खाली येते. त्याला ठोक्यांवर नाचवायचा प्रयत्न केला तर ते थरथरते. लांबवलेला आवाज किंवा हळूहळू चढत जाणारा स्वर त्याच्यासाठी राखून ठेवावा.

लाटेचे रूप, ज्याला खेळणारे वेव्ह म्हणतात, ते मला सर्वांत संगीतमय वाटते. दाबले की ती पंचेचाळीस अंशांत वर जाते, सोडले की त्याच कोनात खाली येते. म्हणजे आडवे अंतर आणि उभे अंतर सारखेच, आणि दोन्ही म्हणजे वेळ. अर्ध्या ठोक्याची चढण नेहमीच्या गतीला १२८ बीपीएममध्ये २.४३ ठोकळ्यांची असते, त्यामुळे बोगद्याच्या भिंतींचा नागमोडी आकार अक्षरशः तालाचा आलेख होतो. शिवाय इथे बोट उचलणे हेही दाबण्याइतकेच महत्त्वाचे असते. रचनाकार पुष्कळदा फक्त वरच्या वळणांना ठोके देतात आणि खालची वळणे उरतील तशी सोडतात; अशा बोगद्यातून जाताना खेळणाऱ्याला एक पाय आखूड असल्यासारखे वाटते.

अवघडपणाविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, की काटे वाढवले म्हणजे लेव्हल अवघड होते. ती अवघड होते खिडकी अरुंद केल्याने. एका काट्याला खिडकी ऐसपैस असते, दोन सलग काट्यांना ती आकसते, आणि नेहमीच्या गतीला तीन सलग काटे ठेवले तर ती फारच थोड्या फ्रेमची, म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांची, उरते. सेकंदाला साठ फ्रेमच्या पडद्यावर एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद. अशी अरुंद खिडकी लेव्हलमध्ये एखाददुसरी असावी, आणि ती गाण्याच्या सर्वांत ठळक क्षणी असावी, म्हणजे तिथे कानाची मदत सर्वांत जास्त मिळते. मरण आले की पहिल्यापासून सुरुवात होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे: शेवटच्या पाच सेकंदांत एकदम तिप्पट अवघड भाग टाकणे म्हणजे खेळणाऱ्याने दीड मिनिट चोख केलेले काम प्रत्येक वेळी वाया घालवणे आहे. नवी युक्ती प्रथम जिथे चुकले तरी मरण येत नाही अशा जागी दाखवावी आणि नंतरच काट्यांमध्ये ठेवावी. गाणेही आपली सुरावट आधी साधी ऐकवते आणि मग तिला नटवते.

सगळी रचना प्रथम साध्या, रंगहीन ठोकळ्यांत पुरी करावी. याला लेआऊट म्हणतात. सजावटीचा, म्हणजे डेकोचा मोह आवरणे कठीण असते, हे मी जाणतो, पण सजवलेल्या भागातला एक काटा हलवायचा म्हटले की त्याच्याभोवतीची पन्नास वस्तू हलवाव्या लागतात, आणि मग माणूस तालातली चूक दिसत असूनही ती तशीच ठेवतो. डेको करताना एकच कसोटी पुरते: ज्या वस्तूला लागून मरण येते ती आणि जी नुसती शोभेची आहे ती, या दोन्ही एका नजरेत वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. रंग उजळवणारे पल्स ट्रिगर ठोक्यावर लावले तर ताल डोळ्यांनाही कळतो आणि खेळणाऱ्याला खरी मदत होते. पण पूर्ण पडदा लखलखवण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होणारा लखलखाट प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या माणसांना धोक्याचा ठरू शकतो, म्हणून संकेतस्थळांच्या सुगमतेचे आंतरराष्ट्रीय निकषही तीन ही मर्यादा सांगतात. १२८ बीपीएमला प्रत्येक ठोक्यावर पल्स दिला तर तो सेकंदाला दोनदा पडतो; अर्ध्या ठोक्यावर दिला तर चारच्या वर जातो. अर्ध्या ठोक्यांसाठी पडद्याऐवजी एखादी लहान वस्तूच उजळावी. वस्तूंची गर्दीही बेताची असावी, कारण जुन्या फोनवर चित्र अडखळले की कितीही काटेकोर जुळवलेला ताल त्या क्षणी बिघडतो. कमी तपशिलाचा पर्याय गेममध्ये आहे. अनावश्यक डेकोवर त्या पर्यायाची खूण करून ठेवायला फार वेळ लागत नाही.

लेव्हल प्रसिद्ध करण्यापूर्वी रचनाकाराने ती स्वतः एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत न मरता पूर्ण करून दाखवावी लागते. हा नियम चांगला आहे, पण तो पुरेसा नाही, कारण रचनाकाराला आपली लेव्हल पाठ झालेली असते आणि त्याचे बोट चुकीच्या जागीही सवयीने बरोबर पडते. म्हणून ती दुसऱ्याच्या हाती द्यावी, आणि तो खेळत असताना आपण पडद्याकडे पाहू नये. हेडफोन त्याच्या कानात असू द्यावा, आणि आपण फक्त त्याच्या बोटाचा आवाज ऐकावा. टक, टक, टकटक, टक. गाणे आपल्याला पाठ असतेच. त्या टकटकीतून गाणे ओळखू आले तर तो भाग जमला आहे. जिथे टकटक घाईची किंवा अडखळती होते, ती जागा सेकंदांसकट कागदावर लिहून घ्यावी, खेळणाऱ्याला काहीही न सांगता त्याला आणखी चार-पाच वेळा खेळू द्यावे, आणि दर वेळी त्याच जागी अडखळले तर एडिटर उघडून तिथला काटा पाव ठोकळ्याने सरकवून पुन्हा त्याच्याच हाती द्यावा.